फिनलंडची तिहेरी उडी: वहीत आता दोन रकाने

महिलांच्या तिहेरी उडीच्या नोंदवहीत या वेळी फिनलंडचं पान लावायला घेतलं आणि हेली कोइवुलापाशीच गाडी अडली. २००२ च्या म्युनिकमधल्या युरोपियन स्पर्धेत तिनं १४.८३ मीटर मारून रौप्य घेतलं. ब्रिटनची ॲशिया हॅन्सन १५.०० वर पहिली. पण हेलीची अधिकृत सर्वोत्तम उडी विचाराल तर १४.३९! मधले ४४ सेंटिमीटर गेले कुठे? वाऱ्यात.

नियम आपल्याला पाठ असतो, तरी दोन आकडे शेजारी लिहिले की टोचतोच. धावत येणारी खेळाडू बोर्डाच्या (उडी घ्यायच्या फळीच्या) अलीकडे ३५ मीटरवरची खूण ओलांडते, तिथून पाच सेकंद वारा मोजतात. पाठीमागच्या वाऱ्याचा वेग सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त भरला की उडी विक्रमासाठी धरत नाहीत. पदकाला मात्र चालते. हॅन्सनची १५.०० सुद्धा वाऱ्याचीच होती. म्हणून आता वहीत प्रत्येक नावापुढे दोन रकाने पाडलेत: वाऱ्यासह आणि नियमात.

(हेलीनं पुढे थाळीफेकपटू फ्रांत्स क्रूगरशी लग्न केलं. तो मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, सिडनी ऑलिंपिकचा कांस्यविजेता. नंतर फिनलंडकडून खेळला आणि २००७ मध्ये ६९.९७ मीटरचा फिनिश विक्रम करून बसला. थाळीफेकीची वही माझ्याकडे नाही, नाहीतर आणखी एक पान वाढलं असतं.)

नियमातला रकाना पुढे सरकला तो हेलीनंतर बऱ्याच वर्षांनी. २०२१ मध्ये सेन्नी साल्मिनेननं १४.६३ मारली. वर्षभरानं क्रिस्टिना मॅकेलानं १४.६४! एकाच सेंटिमीटरनं फिनलंडचा विक्रम गेला, तोही युरोपियन स्पर्धेच्या अंतिम फेरीत, आणि पुन्हा म्युनिकच्याच ऑलिंपिक स्टेडियमवर. पदकही तेच, रौप्य. सोनं युक्रेनच्या मारिना बेख-रोमानचुकनं १५.०२ वर नेलं. क्रिस्टिनाच्या घरातच उड्या आहेत म्हणा: आई रिंगा रोपोनं १९९० मध्ये लांब उडीत ६.८५ मारलेली.

सध्या क्रिस्टिनाच्या उडीचा व्हिडिओ संथ करून पाहतोय. तिहेरी उडीचे तीन टप्पे: हॉप, स्टेप आणि जंप. हॉप आणि जंप कुणालाही दिसतात; खरी गोम मधल्या स्टेपमध्ये. हॉपला ज्या पायानं उचललं त्याच पायावर पूर्ण वेगात आदळायचं आणि तिथूनच परत उठायचं. गुडघा जरा जास्त वाकला की वेग मेला आणि स्टेप आखडली. संथ केल्याशिवाय हे डोळ्यांत भरतच नाही.

माझं मत म्हणाल तर विक्रम क्रिस्टिनाचा, पण स्पर्धेतली मोठी उडी हेलीचीच. दुसऱ्या रकान्यावाल्यांनी खुशाल भांडावं.

पुढचं पान १९९४ च्या हेलसिंकीचं. महिलांची तिहेरी उडी युरोपियन स्पर्धेत आली ती तिथूनच. २००२ च्या अंतिम फेरीतल्या सगळ्या उड्या वाऱ्याच्या आकड्यांसह कुणाकडे असतील तर जरूर कळवा.