ओकच्या झाडाखालचं कोर्ट

शनिवार, रात्र

आज ब्रिस्टलच्या ओल्ड मार्केटमध्ये मुद्दाम गेले होते. जुन्या किल्ल्याबाहेर पूर्वेला बाजार भरायचा, ती ही जागा. किल्ला सतराव्या शतकातच पाडला, तिथे आता बाग आहे. बाजाराचा रस्ता मात्र अजून चांगला ऐसपैस आहे. त्याच्या कडेला 'स्टॅग अँड हाउंड्स' नावाच्या पबची जुनी इमारत. वरचा मजला पुढे फुटपाथवर आलेला, खाली खांब. इथे पूर्वी ओकचं झाड होतं आणि त्याखाली उघड्यावर बाजाराचं कोर्ट बसायचं, असं सांगतात. पायपावडर कोर्ट, म्हणजे 'धुळीच्या पायांचं' कोर्ट. त्या खांबांमध्ये मी बराच वेळ उभी होते.

मध्ययुगात इंग्लंडच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या जत्रेत असं कोर्ट असे. गावोगाव फिरणारा व्यापारी धुळीच्या पायांनी यायचा आणि जत्रा उठली की निघून जायचा. उधारी बुडाली, माप कमी भरलं, कापड खराब निघालं, तर त्याने महिनोनमहिने थांबायचं कुठे? म्हणून निकाल साधारण दीड दिवसात लागायचा. बंदराच्या गावी तर तीन भरती-ओहोटींच्या आत. निवाड्याला बसायचे ते बहुतेक व्यापारीच, माल आणि भाव दोन्ही ओळखणारे. 1477 च्या कायद्याने या कोर्टांना हद्द घातली: त्या जत्रेत, त्याच दिवसांत घडलेलं असेल तेवढंच ऐकायचं. ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने अठराव्या शतकात लिहून ठेवलंय की इंग्लंडमधलं हे सगळ्यात खालचं आणि सगळ्यात झटपट न्याय देणारं कोर्ट. खालचं का होईना, ज्याचे पैसे अडकलेत त्याच्या सगळ्यात जवळचं तेच होतं!

इथे उभं राहून बाबांची आठवण येणं साहजिकच होतं. कांद्याच्या पट्टीचा त्यांचा चेक वटला नाही, त्याला किती वर्षं झाली. तालुक्याच्या कोर्टात अजून तारखाच पडतायत. प्रत्येक तारखेला एसटीने जायचं, वकिलाला भेटायचं, पुढची तारीख घेऊन परत यायचं. रक्कम मोठी नाही, पण तेवढ्यात त्या वर्षीचं बियाणं आलं असतं.

ब्रिस्टलचं हे कोर्ट सप्टेंबरअखेरीस उघडायचं. 1870 च्या सुमारास त्याचं कामकाज थांबलं, तरी पुढे शंभरेक वर्षं कोर्ट उघडल्याची द्वाही दरसाल इथे समारंभाने फिरवली जायची. शेवटी 1971 च्या न्यायालय कायद्याने तेही रद्द झालं. समारंभ इतकी वर्षं जपला, याचं लोक कौतुक करतात. मला मात्र त्या दीड दिवसाचीच हळहळ वाटते. जपायचं होतं ते तेच.

संध्याकाळी बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, "निकाल लागला, ते ठीक. पण पैसे हातात पडायचे का?"

म्हटलं, "हो बाबा. देणेकऱ्याचा माल तिथेच बाजारात असायचा ना. पैसे दिले नाहीत तर कोर्ट तो जप्त करायचं, किंमत ठरवून विकायचं आणि धनकोची रक्कम भागवायचं."

"जत्रा उठायच्या आत?"

"उठायच्या आत."

"असं पाहिजे," बाबा म्हणाले.