हीवी लागली म्हणजे नेमकं काय?

जर्मनीत शिकणारं पोरगं फोनवर ‘हीवी लागली’ म्हणालं की घरच्यांना आधी हिवतापच आठवतो. हीवी म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखाली तासांवर काम करणारा विद्यार्थी मदतनीस. पगार बेताचा, पण एक सवलत मोठी आहे. मार्च 2024 पासून बिगर-युरोपीय विद्यार्थ्याला वर्षात 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातली हीवी त्या मोजणीत धरत नाहीत.

काम मिळालं तरी सही होईपर्यंत प्रयोगशाळेत हात लावायचा नाही. मुदतीचा करार काम सुरू होण्याआधी लेखी झाला नाही, तर ती मुदतच कायद्याने टिकत नाही आणि करार बेमुदत ठरतो. म्हणून कार्यालयं इथे अजिबात ऐकत नाहीत. प्रवेशाचा दाखला, विम्याचं पत्र, रहिवास परवाना, बँक खातं आणि कर क्रमांक तयार ठेवा. कर क्रमांक पत्ता नोंदवल्यावर टपालाने येतो. टपालपेटीवर तुमचं नाव नसेल तर पोस्टमन पत्र सरळ परत नेतो, मग पहिल्या पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सगळ्यात जड कर कापला जाऊ शकतो. विवरणपत्र भरल्यावर जादा कापलेला परत मिळतो, पण तोवर घरभाडं थांबत नाही. पेटीवर चिठ्ठी चिकटवायला दोन मिनिटं लागतात!

प्रयोगशाळेच्या हीवीत सुरक्षेची माहिती ऐकून सही केली की बहुतेकदा हाती पिपेट येते, म्हणजे द्रव मोजून उचलायचं बटणाचं साधन. बटणाला दोन थांबे असतात. पहिल्या थांब्यापर्यंत दाबून टोक द्रवात दोन-तीन मिलिमीटरच बुडवायचं, बटण सावकाश सोडायचं. द्रव बाहेर टाकताना मात्र दुसऱ्या थांब्यापर्यंत. नवखे घेतानाच दुसरा थांबा गाठतात, त्यामुळे द्रव जास्त येतो. पटकन सोडलं तर हवेचा बुडबुडा येतो आणि माप कमी भरतं. हात तपासायचा तर 1000 मायक्रोलिटर पाणी तराजूवर दहादा टाका: दर वेळी 1 ग्रॅमच्या अगदी जवळ यायला हवं. आकडे वरखाली झाले तर दोष हाताचा. सगळे सारखेच कमी आले तर टोक सैल आहे का ते आधी बघा, मग पिपेट.

शिकवण्याच्या हीवीत गृहपाठ तपासावे लागतात. तिथला नियम वेगळा वाटेल: पहिल्या पायरीत चूक झाली, पण पुढची रीत बरोबर असेल, तर गुण एकदाच कापायचे. त्यासाठी त्या विद्यार्थ्याचा चुकीचा आकडा घेऊन पुढचं गणित आपणच सोडवून बघावं लागतं. वेळ जातो तो इथेच.