नव्या पाइपच्या वाटीतला काळा थर: ठेवावा की काढावा?

नवा पाइप घेतला, हौसेने चांगली तंबाखू भरली आणि पहिल्याच झुरक्याला तोंडात व्हार्निशची कडवट चव उतरली, अशी तक्रार घेऊन लोक माझ्याकडे नेहमी येतात. प्रत्येकाचा प्रश्न फिरून तोच असतो: वाटीला, म्हणजे तंबाखू भरायच्या भागाला, आतून जो काळा थर दिलेला असतो तो तसाच ठेवून ओढत राहावे, की पहिल्यांदा पेटवण्याआधीच काढून टाकावा? तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण याला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दाचे उत्तर दिले, तर निम्म्या लोकांचे पाइप मी विनाकारण घासायला लावीन आणि उरलेल्यांना वाईट चव सोसायला लावीन. थर कशाचा आहे यावर सारे अवलंबून आहे, आणि नेमकी तीच माहिती पाइपच्या खोक्यावर सहसा नसते.

आधी लाकडाविषयी सांगितले पाहिजे. चांगले लाकडी पाइप ब्रायरचे असतात. भूमध्य समुद्राभोवतीच्या डोंगरउतारांवर, कॉर्सिका, सार्डिनिया, इटलीचा कालाब्रिया, ग्रीस अशा भागांत, एरिका आर्बोरिया नावाचे झुडूप वाढते. त्याच्या खोडाच्या बुडाशी, मुळांच्या वर, जमिनीत एक मोठी गाठ धरते आणि त्या गाठीचे लाकूड म्हणजे ब्रायर. गाठी उकरून, कापून, कित्येक तास पाण्यात उकळतात, त्यामुळे त्यांतला चीक आणि टॅनिन बाहेर पडते, आणि मग ते तुकडे महिनोन्महिने सावकाश वाळवतात. फ्रान्सच्या जुरा डोंगरातील सँ-क्लोद या गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रायरचे पाइप बनू लागले आणि पुढे सगळ्या युरोपने हेच लाकूड स्वीकारले, याचे कारण ते घट्ट आहे, ओल शोषून घेते आणि सहजासहजी पेट घेत नाही. नीट उकळलेल्या आणि मुरवलेल्या ब्रायरला उघड्या अवस्थेत थोडी लाकडाची, किंचित तुरट चव असते आणि ती लवकरच जाते. तेव्हा नव्या पाइपमधून जळका रंग, साबण किंवा औषध अशी काही चव येत असेल, तर दोष बहुधा थराचा असतो.

मग एवढ्या गुणी लाकडाला कारखाने आतून थर का देतात? पहिले कारण प्रामाणिक आहे. नवा माणूस घाईघाईने, जोरजोरात ओढतो, वाटी तापते आणि उघडे लाकूड आतून जळू लागते. असा जळलेला पाइप दुकानात परत येतो. जुन्या वापरातल्या पाइपला हा धोका कमी असतो, कारण त्याच्या वाटीत आतून कार्बनचा कडक थर जमलेला असतो. ओढणारे त्याला ‘केक’ म्हणतात. हा केक लाकडाला आचेपासून जपतो, आणि तो तयार होईपर्यंतचा काळ निभावून नेण्यासाठी कारखाना आधीच एक कृत्रिम थर देतो. दुसरे कारण मात्र मला खटकते. ब्रायरमध्ये बारीक खळगे, वाळूचे कण, चिरा असतात. त्या बाहेरच्या बाजूला असल्या तर गिऱ्हाईक पाहते, आतल्या बाजूला असल्या तर काळ्या थराखाली झाकून जातात. ज्या वस्तूसाठी माणूस एवढे पैसे मोजतो, त्या वस्तूचे आतले लाकूड पाहण्याचा त्याला अधिकार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

थरांचे प्रकार ढोबळमानाने तीन धरावेत. सर्वांत निरुपद्रवी तो कोळशाच्या पुडीचा: सक्रिय कोळशाची बारीक भुकटी जिलेटिन किंवा डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवून वाटीत फिरवलेली असते. युरोप-अमेरिकेतले काही स्वतंत्र कारागीर हीच भुकटी ताकात कालवतात, आणि आपल्याला ऐकायला नवल वाटले तरी त्यात तथ्य आहे, कारण दुधातले केसीन वाळल्यावर चांगले धरून ठेवते आणि या थराला जवळजवळ चवच नसते. दुसरा प्रकार सोडियम सिलिकेटचा, म्हणजे ज्याला वॉटरग्लास म्हणतात त्याचा. हा पदार्थ साबण आणि डिटर्जंटच्या कारखान्यांतही वापरतात. त्यात कार्बन मिसळून दिलेला थर आगीला अजिबात दाद देत नाही, परंतु काही पाइपमध्ये पहिल्या दिवसांत जी क्षारट, साबणासारखी कडवट चव लागते ती याची, आणि नीट न वाळलेला असेल तर तापल्यावर तो फुगतो, त्याला फोड येतात. तिसरा प्रकार म्हणजे खरे तर थरच नव्हे. बाहेरून रंग देताना वाटी सबंध रंगात बुडवलेली असते किंवा आतूनही लाख-व्हार्निशचा हात फिरवलेला असतो. व्हार्निशच्या चवीची तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या पाइपमध्ये मला बहुतेक वेळा हाच प्रकार सापडतो.

आपल्या पाइपमध्ये यांतला कोणता थर आहे ते ओळखायचे कसे, तर पाइप पेटवण्याआधी उजेडात बसून स्वच्छ पांढऱ्या सुती फडक्याचे टोक कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळावे, करंगळीला गुंडाळावे आणि वाटीत दोन-तीन वेढे फिरवावे. फडक्यावर काळी भुकटी उतरली आणि तिला वास नसला, तर तो कोळशाचा थर आहे. तांबूस, तपकिरी किंवा वाइनच्या रंगाचा डाग उतरला, तर तो रंग आहे. त्याच फडक्याचे कोरडे टोक वोडकात बुडवून पुन्हा फिरवले तर डाग अधिकच गडद होतो, कारण लाकडावर वापरायचे अनेक रंग अल्कोहोलमध्ये विरघळतात. काहीच उतरले नाही आणि वाटीच्या कडेला नख लावल्यावर ते गुळगुळीत, कडक पृष्ठभागावरून सरकत गेले, तर ते वॉटरग्लास किंवा व्हार्निश असण्याची शक्यता मोठी. शेवटी वाटी नाकाशी धरून वास घ्यावा. चांगल्या नव्या पाइपला कोरड्या लाकडाचा वास येतो. रंगकामाचा वास येत असेल, तर पुढे काय चव लागणार आहे हे तिथेच कळते.

कोळशाचा थर असेल आणि चव त्रास देत नसेल, तर त्याला हात लावू नये, असे मी सांगतो. तो पहिल्या काही वेळांत केकमध्ये मिसळून जातो. रंग, व्हार्निश आणि चव बिघडवणारे वॉटरग्लास मात्र पेटवण्याआधी काढावे. ‘चार-सहा वेळा ओढा, जळून जाईल’ असा सल्ला दुकानात सर्रास मिळतो आणि तो मला मान्य नाही. कडक थर पूर्णपणे जळत नाही. केक त्याच्यावर चढतो, लाकडाला धरत नाही, आणि पुढे कधीतरी खालच्या थराचा पोपडा सुटला की वर जमलेला केकही त्याच्याबरोबर सुटून येतो. बिडाचा नवा तवा आणल्यावर आपण त्यावरचे कारखान्याचे मेण आणि तेल आधी घासून काढतो आणि मगच तो तेलावर मुरवायला घेतो, त्यामागचा विचार हाच आहे.

हा थर विषारी आहे का, असेही पुष्कळजण काळजीने विचारतात. याचे उत्तर सरळ दिले पाहिजे: पाइपमध्ये आरोग्याला खरा धोका आहे तो तंबाखूच्या धुराचा. धूर छातीत न घेता तोंडातल्या तोंडात फिरवला तरी तोंडाचा, जिभेचा, घशाचा कर्करोग होऊ शकतो आणि निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनही रक्तात जाते. थर काढल्याने पाइप आरोग्याला बरा होतो, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही, आणि जो ओढत नाही त्याने या लेखामुळे सुरुवात करू नये, अशी माझी मनापासून विनंती आहे. थराविरुद्ध माझे म्हणणे चवीपुरते आणि पाइपच्या आयुष्यापुरते आहे.

आता काढण्याची रीत. त्याआधी एक व्यवहाराची गोष्ट: घासलेला पाइप दुकानदार परत घेत नाही, म्हणून टॉर्च लावून वाटीचे आतले अंग नीट बघावे, शंका असेल तर घासण्याआधीच बदलून मागावा. त्यानंतर दांडी हलक्या हाताने पिळत वाटीपासून वेगळी करावी. पाण्यात विरघळणारा थर असेल तर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानेच बराचसा निघतो. वाटी नळाखाली धरू नये आणि भिजत तर मुळीच ठेवू नये. रंगासाठी अल्कोहोल लागते, आणि इथे मी हात जोडून एक सांगतो: हार्डवेअरच्या दुकानात पॉलिशसाठी जे स्पिरिट मिळते ते वापरू नका. ते मुद्दाम पिण्यास अयोग्य केलेले असते आणि त्यात मिथेनॉल असू शकते. तोंडाला लावायच्या वस्तूत ते नको. साधी, वास न घातलेली वोडका पुरते; आपल्याकडच्या वोडकात अल्कोहोल सहसा ४२.८ टक्केच असते, बाकी बहुतेक पाणी, त्यामुळे काम सावकाश होते, पण होते. रमने पुढे गोडसर चिकटपणा राहू शकतो, म्हणून ती मी टाळतो. अल्कोहोलचा थेंबही बाहेरच्या बाजूला ओघळू देऊ नये, कारण पुष्कळ पाइपना बाहेरून लाखेचे पॉलिश असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते; चकाकत्या पाइपवर पांढुरका ओघळ कायमचा राहतो. वाटीच्या काठाला बाहेरून कागदी चिकटपट्टी लावून घेतली की निर्धास्तपणे काम करता येते.

पुसून जे निघत नाही त्याला पॉलिश पेपर लागतो. २२० नंबरचा पेपर घ्यावा, त्याची पट्टी वाटीपेक्षा बारीक अशा गोल लाकडी दांड्याला किंवा सरळ तर्जनीला गुंडाळावी आणि वाटीत न दाबता, एकाच दिशेने फिरवत राहावे. तळाशी धुराचे भोक उघडते, तिथे आधी पाइप क्लीनर, म्हणजे नळी साफ करायची मऊ धाग्यांची तार, घालून ठेवावा, म्हणजे भुकटी नळीत जात नाही आणि घासता घासता भोकाची कड गोल होत नाही. या कडेला फार जपावे लागते. ती झिजली की तंबाखूचे कण नळीत ओढले जातात आणि त्यावर उपाय नाही. थोड्या वेळाने काळेपणाच्या आतून काठापाशी फिकट तपकिरी रंगाचे एक कडे दिसू लागते. ते लाकूड. तिथे थांबून पेपर खालच्या भागावर न्यावा, कारण लोक नेमके इथेच चुकतात: वरचा भाग हाताला सोयीचा, म्हणून तोच घासत बसतात आणि वाटी वरून रुंद, खालून अरुंद करून ठेवतात. सगळीकडे लाकूड दिसू लागले की ४०० नंबरच्या पेपरने एक हलका फेरा मारावा. अगदी गुळगुळीत करू नये. केकला धरायला जागा हवी. लाकडाच्या रेषांत थोडा काळेपणा राहिला तर राहू द्यावा, त्यासाठी भिंत पातळ करण्यात काहीच शहाणपणा नाही.

यानंतर पाइप वाळू द्यावा. कोरड्या हवेत एक-दोन दिवस पुरतात, परंतु मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात हे काम काढले असेल तर आठवडाभर थांबलेले बरे. ओलसर लाकूड तापले की चिरते. उन्हात किंवा ड्रायरने वाळवण्याचा मोह टाळावा.

उघड्या लाकडाचा पाइप मुरवताना पहिल्या काही वेळा वाटी अर्धीच भरावी, सावकाश ओढावे आणि तळापर्यंत जळू द्यावे, म्हणजे केक खालपासून धरतो. तंबाखू बर्ली जातीची असली तर उत्तम, कारण तिच्यात साखर नैसर्गिकरीत्या फार कमी असते आणि ती व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूइतकी तापत नाही. काही जाणकार आधी वाटीत मधाचे बोट फिरवतात. मला त्याची गरज वाटलेली नाही, पण अगदी पातळ हात असेल तर त्याने बिघडतही नाही. वाटी हाताला चटका देऊ लागली की पाइप ठेवून द्यावा आणि एकदा ओढल्यावर निदान एक दिवस विश्रांती द्यावी. केक एक ते दीड मिलिमीटर झाला की पुरे; त्यापुढे वाढला तर तो तापून प्रसरण पावतो आणि वाटीला चीर पाडू शकतो, म्हणून अधूनमधून रीमरने, म्हणजे वाटी आतून खरवडायच्या हत्याराने, उतरवावा.

थर काढल्यावर खाली खळगा निघाला, तर लगेच घाबरू नये. टाचणीच्या डोक्याएवढे खळगे केकखाली भरून निघतात. तळाशी मोठा खड्डा असेल तर सिगारची बारीक चाळलेली राख पाण्याच्या थेंबात मळून त्याची लगदी तिथे दाबून बसवतात आणि पूर्ण वाळू देतात. पाइप दुरुस्त करणाऱ्यांची ही जुनी रीत आहे आणि ती टिकते. भिंतीत आरपार जाणारी चीर मात्र राखेने भरत नाही. ती सापडली तर घासणे तिथेच थांबवावे, पाइप जसा आहे तसा दुकानात न्यावा, आणि ही चीर थराखाली झाकलेली होती हे टॉर्च लावून दुकानदाराला दाखवावे.