एकीला दोनदा, दुसरीला एकदाही नाही

करवीर तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात मी एएनएम, म्हणजे गावची नर्स आहे. त्या दिवशी लसीकरणाला एक आजी दीड वर्षाच्या जुळ्या नाती घेऊन आल्या. दोघींना सारखेच पिवळे फ्रॉक. दोघींचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचा बूस्टर होता.

एकीला टोचलं, दोघींनी भोकाड पसरलं. "घ्या बाई, आता धाकटी." मी सिरिंज भरली, उजवा दंड पुसायला धरला, तर तिथं रक्ताचा ताजा ठिपका! गोवर-रुबेला उजव्या दंडात, डीपीटी डाव्या मांडीत हे ठरलेलं असतं म्हणून सापडलं.

"अगं बया, ही थोरलीच हाय की!" आजी म्हणाल्या.

जादा डोसनं थोरलीला बहुधा काही झालं नसतं. पण धाकटीच्या कार्डावर तारीख पडली असती आणि अंगात लस नाही. कुणाला कधी कळलंही नसतं. रात्री घास उतरेना. 2021 साली यवतमाळ जिल्ह्यात 12 मुलांना पोलिओऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले, तेव्हा 'असं होतंच कसं?' म्हणणाऱ्यांत मीही होते.

पुढच्या सत्रापासून खोलीत एकच मूल. जुळं असलं तर दुसरं बाहेर आशाताईंकडं. "ही अमुकच ना?" असं विचारणं मी बंद केलं, कारण गडबडीत माणसं कशालाही हो म्हणतात. नाव आणि जन्मतारीख त्यांच्याच तोंडून ऐकायची, कार्डाशी ताडायची, लेबल मोठ्यानं वाचायचं, मगच सिरिंज भरायची. नोंद झाल्याशिवाय पुढचं मूल आत नाही.

व्हायल, म्हणजे लसीची कुपी, फोडल्याची वेळही आता तिच्यावरच लिहिते. आधी डोक्यात ठेवायचे. डीपीटीची उघडलेली व्हायल नीट ठेवली तर 28 दिवस चालते, गोवर-रुबेलाची मात्र चार तासांत टाकायची. दोन्ही लसींच्या एकाच थंड डब्यात, मग घोळ व्हायला कितीसा वेळ?

पहिल्या दिवशी रांग पार दारापर्यंत गेली. "बाई, आज परीक्षा हाय काय?" असं कुणीतरी ओरडलं. आशाताई वैतागल्या. तासभर उशीर झाला, वर गोवर-रुबेलाचे डोस उरलेली व्हायल टाकावी लागली, ती वाया म्हणून लिहिली. जीवावर आलं.

सहा महिन्यांनी त्याच आजी जीवनसत्त्व अ च्या डोसाला आल्या. थोरलीच्या मनगटात काळा दोरा. मी चमचा उचलायच्या आत म्हणाल्या, "आधी नाव इचारा की बाई."