बुरशी गेली, पांढरे डाग राहिले

नाशिकला दिंडोरी रोडला माझा स्किनचा दवाखाना आहे. पावसाळा संपला की शिबं, म्हणजे बुरशीने येणारे फिकट डाग, झालेली पोरं येतातच, पण ही केस डोक्यातून जात नाही.

पिंपळगाव बसवंतकडची बाई, सोबत नऊ वर्षांचा मुलगा. ऑक्टोबरचा उकाडा आणि पोराला फुल शर्ट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. बसायच्या आधीच ती रडायला लागली, "मॅडम, याला कोड फुटलंय हो, ट्यूब लावून लावून दमले." घरात त्याचं ताट, टॉवेल, अंथरूण सगळं वेगळं, आजीने दही-लिंबू बंद केलेलं.

शर्ट काढला तर मानेवर, खांद्यांवर, पाठीवर फिकट ठिपके, काही एकमेकांत मिसळलेले. दोन बोटांनी कातडी ताणली, बुरशी चालू असेल तर अशाने बारीक कोंडा उठतो, इथे काहीच नाही. खरवडून त्यावर केओएच, म्हणजे कातडी विरघळवून बुरशी दाखवणारं द्रावण, टाकून मायक्रोस्कोपखाली पाहिलं, बुरशी दिसली नाही. मग लाइट बंद करून वुड्स लॅम्प, म्हणजे अतिनील प्रकाशाचा दिवा, मारला. कोडाचा डाग त्यात खडूसारखा पांढराशुभ्र चमकतो, याचे नुसते फिकटच राहिले.

मग आईला नीट समजावलं, हे कोड नाही, शिबं होती, बुरशी गेली आणि डाग राहिले. ही मालासेझिया बुरशी सगळ्यांच्याच अंगावर असते, तेल, घाम आणि दमट हवा मिळाली की वाढते आणि ॲझेलिक ॲसिड सोडते, त्याने कातडीला रंग देणारं मेलॅनिन कमी बनतं. बुरशी मेली तरी रंग भरायला काही महिने लागतात. एकाचं दुसऱ्याला होत नाही. तेवढ्यात पोरगा म्हणाला, "मग मी ताईशेजारी झोपू का?" आईने त्याला जवळच ओढलं.

पिशवीतून निघालेली ट्यूब बघून मात्र माझा संताप झाला. मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणलेली, त्यात बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासॉल. एवढं स्ट्राँग स्टेरॉइड पोराच्या मानेवर महिनाभर चोळलं तर कातडी पातळ होते, वरून स्वतःच डाग पाडतं. 2018 मध्ये सरकारने असल्या स्टेरॉइड क्रीम्स चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी सर्रास मिळतात.

"रंग भरायची क्रीम तरी द्या," ती म्हणाली. नाही दिली, गरजच नव्हती. पाठीला तेल चोळू नका, घामाचे कपडे लगेच बदला, आणि पुन्हा कोंडा दिसला तर ट्यूब न आणता आधी इकडे या, कारण शिबं परत येतात, एवढंच सांगितलं. जाताना तिने शाळेसाठी चिठ्ठी मागितली. लेटरहेडवर मोठ्या अक्षरात लिहिलं, हा आजार शेजारी बसून पसरत नाही. एक कॉपी आजीसाठी पण दिली.