तळघरातली नोंद: फायर सॅलॅमँडरची पिल्लं, आठवडा 14

आजची मोजणी 23. मार्चमध्ये मादीने 31 पिल्लं पाण्यात सोडली होती. आठ गेली, त्यातली सहा माझ्या चुकीने.

फायर सॅलॅमँडर म्हणजे बेडकाचा शेपटीवाला, काळा-पिवळा नातलग. या जातीत अंडी घालणं नाही. पिल्लं चार पाय आणि बाहेर आलेले कल्ले घेऊनच जन्मतात, जेमतेम तीन सेंटिमीटरची. पहिला पंधरवडा मी सगळी एकाच टाकीत ठेवली आणि डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव, त्यांचं खाणं) कमी पडला. भुकेल्या पिल्लांनी एकमेकांचे पाय आणि कल्ले कुरतडले. आता एका डब्यात तीन-चारच, तीही सारख्या आकाराची. वाचलेल्यांचे पाय पुन्हा फुटतायत. एकाला आधी काचेसारखा कोंब आला, मग त्यात बोटं दिसू लागली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: मी जर्मनीत आखेनजवळ राहतो. सीमेपलीकडे, नेदरलँड्समधल्या बुंडरबॉसच्या जंगलात फायर सॅलॅमँडर जवळजवळ संपले. कारण कातडी पोखरणारी बीसॅल ही बुरशी, 2013 मध्ये ओळखली गेली. पुढे ती इकडे आयफेलमध्ये आणि एसेनच्या जंगलातही सापडली. माझी जोडी पाळीव वंशातली आहे, कागदपत्रांसकट. जंगलातून एकही उचलायचा नाही, कायदाही तेच सांगतो.

म्हणून स्वच्छतेत मी कुणाचंच ऐकत नाही. प्रत्येक टाकीची जाळी वेगळी, हातमोजे दर वेळी नवे, आणि जंगलात फिरून आलो की त्या दिवशी तळघरात पाऊल नाही. गेल्या आठवड्यात ऊन वाढलं, पाणी 20 अंशांवर गेलं. गोठवलेल्या बाटल्या डब्यांना टेकवून ठेवल्या, रात्री दोनदा बदलल्या. सकाळी 16.

आई दर रविवारी फोनवर विचारते, "सोडणार कधी रे त्यांना?" आत्ता सोडणं म्हणजे त्यांना मारणंच, आई. आल्पाइन न्यूट हा सॅलॅमँडरचा नातलग ही बुरशी अंगावर घेऊन जगू शकतो, त्यामुळे सॅलॅमँडर संपले तरी ती जंगलात उरते. जंगल सुरक्षित होईपर्यंत निरोगी वंश राखायचा आणि पिल्लं दुसऱ्या भरवशाच्या पाळणाऱ्यांकडे वाटायची, म्हणजे एका तळघरात रोग शिरला तरी सगळं जाणार नाही.

काल 7 नंबरचं पिल्लू पाण्यातून बुचाच्या सालीवर चढलं. कल्ल्यांचे नुसते खुंट उरलेत, काळ्या पाठीवर हळदीची बोटं उमटावीत तसे पिवळे ठिपके. फोटो काढून ठेवलाय. रात्री बारीक गांडुळाचा तुकडा त्याच्यापुढे हलवला. दोनदा नुसतीच मान वळवली, तिसऱ्यांदा धरला.