तुम्ही विचारलंत म्हणून: स्वतःला स्वीकारलं तर पोरं सुधारणार कशी?

फोंडा असो की पेडणे, समुपदेशनाचा विषय निघाला की आईवडील हेच विचारतात. ‘आहेस तसा ठीक आहेस असं तुम्ही सांगता, मग तो अभ्यास कशाला करेल?’ आम्ही समुपदेशक असं सांगत नाही. सांगून उपयोगही नसतो, विशीतलं पोर असला दिलासा ऐकूनही घेत नाही.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी संमोहनविद्येचे आद्य अभ्यासक आबे फारियांचा पुतळा आहे. हात पसरून ते उभे, समोर कलंडलेली बाई. समुपदेशनाबद्दल लोकांची कल्पना तशीच असते: कोणीतरी आपल्यावर प्रयोग करणार. १७५६ साली कांदोळीत जन्मलेले फारिया पॅरिसमध्ये याच्या नेमकं उलट सांगत होते. परिणाम समोरच्याच्या मनातून घडतो, माझ्या हातातून नाही.

मग आम्ही करतो काय? आठवड्याला एक बैठक, पाऊण तासाची. पहिल्या दोन-तीन ओळखीत, झोपेजेवणाच्या चौकशीत आणि गुप्ततेची हद्द सांगण्यात जातात. घरी तीन रकाने भरायचे: काय घडलं, तेव्हा स्वतःला काय म्हणालो, मग काय केलं. शब्द जसेच्या तसे हवेत. ‘थोडं वाईट वाटलं’ एवढंच लिहिलेला कागद निरुपयोगी. ‘तुला कोण ठेवून घेणार’ असं लिहून आणलं की कामाला सुरुवात होते.

मग समोरासमोर दोन खुर्च्या. एका खुर्चीत बसून स्वतःला ‘तू’ म्हणत बोलायचं, रकान्यातलं सगळं. कॉलेजमध्ये इंग्रजी बोलणारी मुलं इथे सरळ घरच्या कोंकणीवर येतात, कारण ते शब्द त्यांनी घरातच ऐकलेले असतात. बोलणं थांबतच नाही. मग उठायचं आणि दुसऱ्या खुर्चीत बसून उत्तर द्यायचं. इथे शांतता. मान खाली, कधी रडू, आणि बहुतेकदा एकच वाक्य: ‘बरोबरच आहे ते.’ समुपदेशकाने या क्षणी धीर द्यायचा मोह आवरला नाही तर सगळं फुकट जातं. ‘असं का वाटतं?’ हेही विचारायचं नाही, त्यावर कारणांची यादी येते आणि पोर पुन्हा आरोपी होतं. विचारायचं एवढंच: हे ऐकताना छातीत, पोटात काय होतंय? समोरच्या त्या आवाजाकडून तुला काय हवंय? ‘गप्प राहा’ एवढं जरी आलं तरी पुष्कळ झालं. पुन्हा पहिल्या खुर्चीत पाठवलं की तो कठोर आवाज कधीकधी वेगळंच बोलतो: ‘परत नापास झालास तर लोक हसतील, म्हणून ओरडतो.’ म्हणजे तळाशी भीती होती. ती पहिल्याच वेळी दिसेल असं नाही.

शेवटच्या दहा मिनिटांत हे सुरू करू नये, शांत व्हायला वेळ उरत नाही. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील तर हे करायचंच नाही. तेव्हा आधी सुरक्षितता: बांबोळीचं मानसोपचार इस्पितळ, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा दिवसरात्र चालणारा १४४१६ हा नंबर. अशा बैठकीनंतर पुढच्या आठवड्याला काहीजण येत नाहीत. झाकून ठेवलेलं उघडल्यावर काही दिवस जास्त त्रास होतो, ही कल्पना आधीच द्यावी लागते.

तर अभ्यासाचं. पुस्तक उघडलं की तो आवाज सुरू होतो, म्हणून पुस्तक उघडलंच जात नाही. तुम्हाला त्यात आळस दिसतो. आवाज थोडा खाली आला की चुकलेलं गणित नुसतं चुकलेलं गणित राहतं, ते पुन्हा सोडवता येतं. मुलगा समलिंगी आहे म्हणून ‘बरा करून द्या’ म्हणाल, तर तिथे सुधारण्यासारखं काही नाहीच.

घरच्यांना बोलवावं का? एकेकाळी मी ठाम नाही म्हणायचे. पण गोव्यात नोकरी लागलेली मुलंही त्याच घरात राहतात, आणि खुर्चीतला तो आवाज संध्याकाळी जेवायला समोर बसलेला असतो. बोलवावं वाटतं. बोलवल्यावर पोर पुन्हा मिटलं असंही घडतं. माझ्याकडे याचं पक्कं उत्तर नाही. अठरा पूर्ण झालेल्याच्या परवानगीशिवाय मात्र, जिवाला धोका सोडून, घरच्यांना काहीही सांगता येत नाही, फी तुम्ही भरत असलात तरी.